पंडुमचा वाटा

चैत्र लागला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या जंगलात गावोगावी एकच विचारणा असते : पंडुम कधी? पळस झडत आलेला असतो, मोह गळू लागलेला असतो, आंब्याला कैऱ्या लगडलेल्या असतात. पण गावाचा पंडुम झाल्याशिवाय त्या कैरीला तोंड लावायचे नाही, हा माडिया गोंडांचा दंडक. पंडुम म्हणजे सण. मरका पंडुम आंब्याचा, विज्जा पंडुम बियाण्याचा. यांची तारीख पंचांगात सापडत नाही. गावचे मानकरी, म्हणजे गायता आणि पूजा करणारा पेरमा, जाणत्या माणसांना घेऊन बसतात आणि दिवस ठरवतात. त्यामुळे या गावचा सण आज, तर नदीपलीकडच्या गावचा आठवड्याने. दिवस ठरला की त्याच बैठकीत पुढची गोष्ट निघते, ती म्हणजे कोणत्या घराने काय आणायचे.

मागोवा घ्यायचा आहे तो याच गोष्टीचा. वसंतातल्या सणाचा खर्च गाव कसा उचलते, त्यासाठी काय गोळा करते आणि गोळा झालेले पुढे कुठे जाते? आज गडचिरोली जिल्ह्यातल्या ग्रामसभांच्या बँक खात्यांत तेंदूपानांचे पैसे जमा होतात. त्यावर अभ्यासक लिहितात, अधिकारी भाषणे करतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की गावाने एकत्र साठवायचे व एकत्र खर्चायचे ही रीत कायद्याने शिकवली. कायदा फार नंतर आला. त्याच्याआधी पंडुम होता.

विज्जा पंडुमच पाहा. तो पेरणीच्या कितीतरी आधी, उन्हाळ्यात होतो. घराघरातून थोडे थोडे बी निघते. पानाच्या द्रोणात किंवा पानात बांधून ते गावदेवाच्या ठिकाणी जाते. तिथे पेरमा भूमीची पूजा करतो, कोंबड्याचा मान दिला जातो, आणि सगळ्या घरांचे बी एका ठिकाणी येते. मग त्याच राशीतून मूठ मूठ बी प्रत्येक घराला परत मिळते. ते घरच्या बियाण्यात मिसळायचे आणि पावसाळ्यात पेरायचे. म्हणजे गावातल्या सगळ्यांत गरीब घराच्या बांदीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाटलाच्या घरचे चार दाणे पडतात आणि पाटलाच्या बांदीत त्या गरीब घरचे. कोणी किती आणले याची मोजदाद नाही, पण आणले नाही असे एकही घर चालत नाही. वर्गणीची याहून जुनी आणि याहून नितळ रीत मला तरी महाराष्ट्रात दुसरी दिसत नाही.

सणाच्या जेवणाचेही तसेच. तांदूळ घरोघरचे, कोंबडी-अंडे ज्याला जमेल त्याचे, मोहाची फुले सगळ्यांची. पूर्वी याच दिवसांत सामूहिक पारध होई आणि शिकारीचे वाटे घरटी पडत. पारधीला न गेलेल्या म्हातारीचा वाटाही तिच्या दारात पोचे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार गेली. वाटे घालण्याची सवय मासेमारीत मात्र टिकली. पूजेच्या जागी बहुतेक गावांत पुरुषच जातात, ही गोष्टही सांगायलाच हवी. पण त्यानंतर गोटुलापुढे, म्हणजे गावाच्या सामाईक घरापुढे, ढोल वाजू लागले की सगळे गाव तिथे असते. पोरीबाळी एकमेकींच्या कमरेला हात घालून रेला नाच धरतात, पाठीवर पोर बांधलेल्या आया त्यात असतात, आणि म्हातारी माणसे कडेला बसून चुकलेल्या पावलावर बोट ठेवतात. पोरांसाठी वेगळा कार्यक्रम ठेवायची गरज तिथे कधी पडली नाही.

इंद्रावतीपलीकडे बस्तर संस्थान होते. तिथला इंग्रज प्रशासक डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन याने १९३८ साली बस्तरच्या मारिया गोंडांवर जाडजूड पुस्तक लिहिले. त्यात हे सण आणि भूमीची पूजा बारकाईने आली आहे. व्हेरियर एल्विनचे मुरियांच्या घोटुलावरचे पुस्तक १९४७ चे. या दोघांनी पाहिलेला मुलूख आणि आपला भामरागड यांच्यामध्ये फक्त नदी आहे. नातीगोती आणि देव, म्हणजे पेन, आजही पाण्याच्या दोन्ही अंगांना आहेत. त्यामुळे सीमारेषेच्या पलीकडची नोंद अलीकडच्या गावांनाही बरीचशी लागू पडते.

या जंगलाला देण्याची दुसरी एक रीतही माहीत होती, आणि ती कडू होती. तेव्हाच्या चांदा जिल्ह्याचा हा दक्षिण भाग जमीनदाऱ्यांचा. भामरागड ही त्यांतलीच एक. अहेरीची जमीनदारी तर फार मोठी. १९५०च्या कायद्याने मध्य प्रदेशात जमीनदाऱ्या संपल्या, तेव्हा चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. पण त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षे अंगावर वर्दी असलेला किंवा हातात कागद असलेला कोणीही गावात आला की कोंबडी, तांदूळ आणि फुकटची मजुरी द्यावी लागे. बेगार म्हणत तिला. व्यापारी चारोळीच्या बदल्यात मीठ मोजून देत. तेव्हा गावाने एकत्र येऊन काहीतरी गोळा केले, एवढ्यावरून ती वर्गणी ठरत नाही. गोळा झालेल्यातला घास देणाऱ्याच्या ताटात परत आला का, हे पाहावे लागते. पंडुममध्ये तो येतो. बेगारीत तो कधीच आला नाही.

रस्ते झाले, बाजार भरू लागले, नोटा आल्या. सणाला लागणारे तेल, गूळ, कपडा, पुढे भाड्याचा लाउडस्पीकर, हे धान्याच्या मुठीत बसेना. तेव्हा दोरी आली. दक्षिण बस्तरमध्ये बीज पंडुमच्या दिवसांत बाया रस्त्यावर बांबू आडवा धरून वाटसरूंकडून पैसे घेतात. विदर्भाच्या जंगलरस्त्यांवर होळीच्या सुमारास पोरेपोरी दोरी ताणून उभी राहतात. गाडी थांबते, काच खाली होते, दहा-वीसची नोट निघते, दोरी सुटते. शहरातून आलेले काही लोक यावर चिडतात. मला त्यात चिडण्यासारखे काही दिसत नाही. ज्या गावातून रस्ता जातो त्या गावाच्या सणात, त्या दिवसापुरते का होईना, वाटसरूलाही घरात धरले आहे. आणि पूजेच्या जागी ज्या बायांना प्रवेश नव्हता त्याच बाया रस्त्यावरच्या पैशाच्या धनी झाल्या, हा बदल मी मोठा मानतो.

इकडे मराठी मुलखात वर्गणीचा दुसरा एक प्रवाह वाहत होता. १८९५ साली टिळकांनी रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी 'केसरी'तून हाक दिली आणि लहान लहान रकमा येऊ लागल्या. १८९६च्या एप्रिलात, ऐन उन्हात, रायगडावर उत्सव झाला. वसंतातला मेळा आणि लोकनिधी यांची अशी सांगड इतक्या जाहीरपणे याआधी क्वचितच पडली असेल. त्याच सुमारास अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला फक्त एक पैसा! त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. घराघरातून मूठ मूठ धान्य काढून शाळा आणि वसतिगृहे चालवण्याचा मुष्टिफंडही याच परंपरेतला. विज्जा पंडुमच्या मुठीशी तो किती जवळचा! पण पुण्या-साताऱ्याकडच्या माणसांना भामरागड माहीत नव्हते आणि भामरागडला पुणे माहीत नव्हते. दोघांनी आपापली मूठ स्वतंत्रपणे शोधली.

पावतीपुस्तक, मंडळ, अध्यक्ष-सचिव-खजिनदार हा थाट जंगलात पोचला तो मास्तर, वनखात्याचे कारकून आणि दुकानदार यांच्याबरोबर. जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, वैनगंगेच्या खोऱ्यात, तो आधीपासून रुजलेला होता. तिथली झाडीपट्टीची नाटके हा लोकनिधीचा एक थोर प्रकार आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे.

दिवाळीनंतर मंडई भरतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि तिथून होळीच्या मागेपुढेपर्यंत गावोगावी नाटके रंगतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही नाटक कंपन्यांची पेठ. गावातले मंडळ तिथे जाऊन कंपनीशी रक्कम ठरवते, बयाणा देते, गावाबाहेरच्या वावरात मंडप घालते आणि तिकिटे लावते. ज्या दिवशी नाटक त्या दिवशी घरोघरी पाहुणे. सासरच्या लेकी पोराबाळांसह माहेरी आलेल्या, जावई आलेले, चुलीवर मोठी भांडी चढलेली. रात्री चादरी-घोंगड्या घेऊन सगळे मंडपात, ते नाटक संपेपर्यंत म्हणजे जवळपास पहाटेपर्यंत. मांडीवरची पोरे पहिल्या अंकातच झोपतात, आणि मोठी झाली की सांगतात, आम्ही सगळी नाटके पाहिली. हिशेब सकाळी होतो. कंपनीची रक्कम, मंडप, वीज वजा जाऊन काही उरले तर ते गावाचे. कुठे देवळाचे छत त्यातून पडते, कुठे शाळेला काही मिळते. उरले नाही तर मंडळाची पोरे आपल्या खिशातून भरतात, तरी पुढच्या वर्षी पुन्हा वडशाला जातात. याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पटावर मात्र मधली काही वर्षे संकट होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, २०२१च्या अखेरीस राज्याला अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट बंद पडला की दिवसाची गर्दी घटते, आणि ज्या गावांत पट व नाटक एकत्र होते तिथे रात्रीच्या तिकिटांवर त्याचा ताण येतो. असा हा एकमेकांवर टेकलेला खर्च आहे.

तिसरा प्रवाह विनोबा भावे यांचा. १९५१च्या एप्रिलात पोचमपल्लीला भूदान सुरू झाले आणि त्यातून पुढे ग्रामदानाची कल्पना आली. ग्रामदानी गावात प्रत्येकाने पिकाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषाला द्यायचा. मणाला एक शेर, इतका सोपा हिशेब. मजुरी करणाऱ्याने महिन्यातल्या एका दिवसाची कमाई द्यायची. महाराष्ट्रात ग्रामदानाचा कायदा १९६४ साली झाला. बऱ्याच ठिकाणी तो कागदावरच राहिला, पण गडचिरोलीतल्या एका गोंड गावाने तो अंगी लावून घेतला. ते गाव धानोरा तालुक्यातले मेंढा, म्हणजे मेंढा-लेखा.

मेंढ्याची गोष्ट अनेकदा सांगितली गेली आहे, ती बहुधा जंगलहक्काची म्हणून. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१३ मध्ये गाव ग्रामदानी झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे यासाठी देशभर गेली. मला मात्र त्याच्या मागची एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. मेंढ्याच्या माणसांनी कामाच्या मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात घालायचा नियम स्वतः केला. बांबूचे परवाने हातात येण्याच्या आधीच गावाला एकत्र पैसा ठेवायचे वळण होते, सर्वांच्या संमतीने खर्चायचेही वळण होते. म्हणून बांबूचे मोठे पैसे आले तेव्हा गाव फुटले नाही. महिन्यातल्या एका दिवसाची मजुरी विनोबांनी सांगितली होती आणि मेंढ्याने मजुरीचा दहावा हिस्सा देऊन दाखवला. ही उडी मारण्याचे बळ व्याख्यानांनी आलेले नाही. ज्या समाजात घराघरातले बी एका राशीत ओतले जाते, त्याला दहावा हिस्सा देणे जड गेले नाही, असे मी मानतो.

आता भामरागडकडे परत येऊ. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या जिथे मिळतात तिथे हे गाव आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जगाशी संबंध तुटतो. शेजारच्या हेमलकसाला २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या मागोमाग बाहेरच्या देणग्यांचा ओघ प्रथमच या टोकापर्यंत आला. त्याचे मूळ वरोऱ्याच्या आनंदवनात. बाबा आमट्यांनी ते १९५१ मध्ये सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशातल्या चौदा रुपयांवर उभे केले. दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, हा त्यांचा आग्रह जन्मभर कायम होता. तरीही पैसा लागतच होता. मग त्यांनी देणाऱ्यालाच घरी बोलावले. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांनी आनंदवनात मित्रमेळावे भरवले. लोक पोराबाळांसह तिथे येऊन राहिले, जेवले, गाणी ऐकली आणि जाताना आपण होऊन काही देऊन गेले. आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पावर दरवर्षी मे महिन्यात श्रमसंस्काराची छावणी भरू लागली, तिथे तरुणांनी पैशाऐवजी घाम द्यायचा. पुढे डॉ. विकास आमट्यांच्या पुढाकाराने कुष्ठमुक्त आणि अपंग कलावंतांचा 'स्वरानंदवन' वाद्यवृंद शहरोशहरी फिरला. तिकीट काढणारा दया म्हणून गेला तरी बाहेर पडताना गाण्यासाठी टाळ्या वाजवून येत असे.

हेमलकशाच्या दवाखान्याने आणि आश्रमशाळेने या भागाला जे दिले त्याची भरपाई कशानेही होणार नाही. बाहेरच्या देणगीशिवाय ते शक्य नव्हते. तरी ही वेगळी वंशावळ आहे हे ध्यानात ठेवावे. पुण्यात किंवा नागपुरात भामरागडसाठी एखादा कार्यक्रम होतो तेव्हा पैसे देणारा आणि जेवणारा यांच्यात शेकडो किलोमीटरचे अंतर असते. मित्रमेळाव्याचे मोठेपण हे की त्याने हे अंतर निदान दोन दिवसांसाठी पुसले.

मे महिना उजाडतो आणि तेंदूची फळी, म्हणजे पाने मोजून घेण्याची जागा, लागते. सगळ्यात कमी दिवसांत सगळ्यात जास्त रोकड आणणारे हे काम पोराबाळांसह अख्ख्या घराचे. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, दुपारी सावलीत बसून पान पानावर लावत सत्तर पानांचे पुडके बांधायचे, बांधायला झाडाच्या सालीचा दोर. आजी मोजते, आई बांधते, पोरगी फाटके पान बाजूला काढते. संध्याकाळी फळीवर शेकड्याने मोजून द्यायचे आणि उन्हात ओळीने पसरायचे. पूर्वी हा सगळा व्यवहार वनखाते आणि ठेकेदार यांच्यातला होता. गावाच्या वाट्याला मजुरी येई, आणि ठेकेदाराच्या गल्ल्यात बंदुकीच्या जोरावर दुसरेही हात पडत. वनहक्क कायदा आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे २०१४ मध्ये आलेले महाराष्ट्राचे नियम यांच्यानंतर ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या. भामरागड आणि एटापल्लीच्या ग्रामसभा त्यांत आहेत. आता मजुरीखेरीज स्वामित्वाची रक्कमही गावाकडे येते.

या रकमेचे काय करायचे यावर गोटुलात रात्र रात्र चर्चा होते, आणि माझ्या मते या साऱ्या मागोव्यातले सगळ्यांत मोलाचे ठिकाण हेच. काही गावे सगळी रक्कम पुडक्यांच्या प्रमाणात घरोघरी वाटून टाकतात. काही गावे वाटण्याआधी गावाचा हिस्सा बाजूला काढतात : गोटुलाच्या दुरुस्तीला, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला, पंडुमला. दुसरी रीत अवघड आहे, कारण उन्हाळ्यात प्रत्येक घराला पैशाची नड असते. पण पहिल्या रीतीत गावाजवळ काहीच उरत नाही. मग पुढच्या वर्षी सणाला पुढाऱ्याच्या देणगीवर अवलंबून राहावे लागते. व्हॉलीबॉल आणि कबड्डीच्या स्पर्धांत हे होतच आहे. संघांची प्रवेश फी गावातली पोरे गोळा करतात, पण पहिले, दुसरे, तिसरे बक्षीस कोणाकडून ते फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि भाषण त्याचेच होते. पोलिसांच्या स्पर्धा आणि मेळावे वेगळे, ते सरकारी खर्चाचे. पोरांना खेळायला मिळते याचा आनंद आहेच. मात्र खर्च कोणाचा, त्यावर पुढच्या रांगेत कोण बसणार हे ठरते, आणि पंडुमला पुढची रांग नसते.

२०१५ पासून राज्य सरकार आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अबंध म्हणून पेसा गावांना देते. तो चांगला आहे, हक्काचा आहे. त्याचा आराखडा करताना रस्ता, नाली, सभामंडप हे शब्द आपोआप येतात. पंडुम हा शब्द आलेला मी पाहिलेला नाही. सणाचा खर्च हा विकासाचा खर्च नव्हे, अशी समजूत त्यामागे असावी. मला ती चुकीची वाटते. ज्या सणाने गावाला एकत्र साठवायला शिकवले, त्याच्यावर ग्रामकोषातली थोडी रक्कम खर्च होणे हे कोषाच्या उद्देशाला धरूनच आहे.

म्हणून भामरागड पट्टीतल्या ग्रामसभांना एक विनंती. तेंदूचा हिशेब लिहिता त्या वहीत एक पान पंडुमचे ठेवा. कोणत्या घराने काय आणले हे लिहू नका, तशी रीत नाही. पंडुम कोणत्या दिवशी झाला, काय काय एकत्र आले, आणि उरलेले कुठे गेले, एवढेच लिहा. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या पोरींकडे द्या आणि सांगण्याचे काम पेरमाकडे. आणि ज्यांना बाहेरून मदत द्यायची आहे त्यांनी पैसे पाठवण्याआधी एकदा चैत्रात यावे, गावाने बोलावले तर पंगतीला बसावे, आणि येताना आपल्या वाट्याचे तांदूळ आणावेत.